उमरीचा पिनकोड

४३१८०७. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचा हा पिनकोड. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित होते. पहिले तीन अंक टपालाच्या छाननीसाठी, शेवटचे तीन डाकघरासाठी. टपाल खात्याचं काम तेवढ्यावर भागतं. पण हेच सहा अंक चार लाख एकतीस हजार आठशे सात असे वाचले, की खात्यानं कधी योजलंच नव्हतं असं काहीतरी समोर येतं.

ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कशानंही पूर्ण भाग जात नाही. ६५८ चा वर्ग हिच्या पुढे जातो, म्हणून ६५८ खालच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. त्या ११९ भरतात. ४३ पाशी श्वास अडकतो: ४३ गुणिले १०,०४२ म्हणजे ४,३१,८०६. एकानं हुकलं! ६५३ ही शेवटची संख्याही बाकी ठेवूनच जाते. एवढ्या मोठ्या संख्यांमध्ये साधारण तेरांतली एकच मूळ असते, आणि ती नेमकी उमरीच्या वाट्याला आली.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर अशा संख्यांचं गोत्र शोधत. अंकांच्या बेरजेनं भाग जातो ती त्यांची ‘हर्षद’ संख्या. उमरीच्या अंकांची बेरीज २३ आणि संख्या मूळ, तेव्हा इथे तो प्रश्नच मिटला. दुसरी कसोटी मला जास्त सुंदर वाटते. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. जिला असा जनक सापडत नाही ती ‘स्वयंभू’. उमरीला जनक आहे, आणि तो एकच: ४३१७८२. त्याच्या अंकांची बेरीज २५. मिळवून पाहा.

आता उमरीच्या प्रत्येक अंकाचा वर्ग करून बेरीज घ्या, आणि जे येईल त्याचंही तेच करा: १३९, ९१, ८२, ६८, १००, १. शेवटी एकावर पोचणाऱ्या संख्येला आनंदी संख्या म्हणतात.

सगळ्यांत खोल गोष्ट वर्गांची. कोणतीही पूर्ण संख्या जास्तीत जास्त चार वर्गांच्या बेरजेत बसते, हे लाग्रांजनं १७७० मध्ये सिद्ध केलं. पुष्कळ संख्यांना दोन-तीन वर्ग पुरतात. उमरीला चारही लागतात. कोणत्याही वर्गाला आठनं भागलं तर बाकी ०, १ किंवा ४ च उरते. अशा तीन बाक्या कशाही मिळवल्या तरी ७ होत नाहीत. आणि ४३१८०७ ला आठनं भागल्यावर बाकी उरते नेमकी ७. म्हणून ६५७, ११, ६ आणि १ यांचे वर्ग: ४,३१,६४९ अधिक १२१ अधिक ३६ अधिक १. आपल्या गावाचा पिनकोड तपासायला शेवटचे तीन अंक आठनं भागले तरी चालतं, कारण हजाराला आठनं पूर्ण भाग जातो.