सोलँड्राला ताण द्या

पूर्वीच्या वेल्हे, आताच्या राजगड तालुक्यातलं विंझर हे नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं भातशेतीचं गाव. जून ते सप्टेंबर इथे पाऊस कोसळतो, आणि दिवाळी सरली की पुढचे कित्येक महिने जमीन कोरडी होत जाते. सोलँड्रा मॅक्सिमा या वेलीला नेमकं हेच हवं असतं. वांगी-टोमॅटो-धोतऱ्याच्या कुळातली ही वेल मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. तिला जवळपास वीतभर लांबीचं, पेल्यासारखं पिवळं फूल येतं, आत जांभळट-तपकिरी रेषा असतात, आणि रात्री त्याला गोड वास सुटतो. अशी वेल मांडवावर चढवून तिच्या बुडाशी बारमाही ठिबक लावणं म्हणजे पानं वाढवणं आणि फुलं घालवणं, असं माझं ठाम मत आहे.

याचं कारण वेलीच्या वाढीतच आहे. भरपूर पाणी आणि नत्र मिळालं की ती लांबलचक, सरळसोट फोक काढत सुटते. त्यांवर पानं तकतकीत दिसतात, पण कळी नसते. फुलं येतात ती जून लाकडावरून फुटलेल्या आखूड बगलफांद्यांवर. म्हणून फुलोरा संपला की लांब फोक मागे छाटायचे, पावसाळ्यात नव्या फुटीचे शेंडे खुडत राहायचं आणि पाऊस थांबल्यावर पाणी तोडायचं, म्हणजेच ताण द्यायचा. शेंड्याची वाढ थांबली की अन्नसाठा लाकडात राहतो आणि कळी धरायला वाव मिळतो. डाळिंबाचा बहार धरणारा शेतकरी हेच करतो, मोगरेवालाही करतो. फरक एवढाच, की डाळिंबाची पानगळ होऊ देतात. सोलँड्रा सदाहरित आहे, तिची पानगळ होण्याची वाट पाहायची नाही. दुपारी पानं मलूल झाली आणि सकाळपर्यंत पुन्हा ताठ झाली, तर ताण योग्य आहे. सकाळीही ती लोंबलेलीच असतील, तर पाणी द्यायची वेळ आली. ही खूण कोणत्याही वेळापत्रकापेक्षा भरवशाची, कारण मुरमाड उतारावर ओल लवकर जाते आणि खाचरालगतच्या जमिनीत रेंगाळते.

उन्हाळा जवळ येत असताना पाणी तोडणं हा वेलीवर अन्याय आहे, असा आक्षेप येईल. नवीन रोपापुरता तो खराच आहे. पहिली एक-दोन वर्षं मुळं पसरेपर्यंत ताण देऊच नये. पण जुन्या वेलीचं खोड जाड आणि पानं चिवट असतात, थोडी कोरड ती सोसते. दुसरा आक्षेप अवकाळी पावसाचा: दिवाळीनंतर एखादी सर आली की ताण मोडतो. हेही खरं, पण त्यावर उपाय लागवडीच्या वेळीच करायचा असतो. निचऱ्याची जागा निवडली आणि आळं उंचावर बांधलं, तर एका सरीने सगळं वाया जात नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो: ही वेल विषारी आहे. धोतऱ्यात असतात तशीच अल्कलॉइडं हिच्या सगळ्या भागांत असतात. छाटणीत रस बोटाला लागून डोळ्यात गेला तर बाहुली मोठी होते आणि जवळचं धूसर दिसतं. छाटणी तर मी दरवर्षी करायला सांगतो आहे, म्हणजे धोका वाढवतोच. तरी वेल लावूच नका असं मी म्हणणार नाही. कण्हेर आपण दारात लावतोच. मात्र हातमोजे घालावेत, छाटताना डोळे चोळू नयेत आणि हात साबणाने धुवावेत. विंझरसारख्या गावात गुरं बांधावर चरतात, म्हणून ही वेल कुंपणावर सोडू नये. तिला स्वतःला आधार पकडणारे तणावे नसतात आणि वजन मोठं असतं, तेव्हा गोठ्यापासून दूर लोखंडी मांडव करून तिच्या फांद्या बांधत जाव्यात. छाटलेल्या फांद्याही बांधावर टाकायच्या नाहीत आणि चाऱ्याच्या ढिगाजवळ तर नाहीच. खड्डा घेऊन पुरायच्या.