लहान तोंडीं मोठा घास : बावीस मॅग्नमचें रिव्हॉल्व्हर

अमेरिकेंतील हौशी नेमबाजांच्या संग्रहांत एक गोष्ट वारंवार आढळते. ज्याच्याजवळ हात हादरवून सोडणारीं भारी रिव्हॉल्व्हरें आहेत, त्याच्याजवळहि पुष्कळदां एखादें अगदीं लहान तोंडाचें रिव्हॉल्व्हर असतें, आणि त्याविषयीं तो मोठ्या रिव्हॉल्व्हरांपेक्षां अधिक जिव्हाळ्यानें बोलतो. ह्या लहानांपैकीं 'बावीस मॅग्नम' ह्या काडतुसासाठीं घडविलेल्या रिव्हॉल्व्हरांना तर एक निराळाच चाहतावर्ग लाभला आहे. शस्त्राची मोहिनी त्याच्या सामर्थ्यांतच असते असें मानणाऱ्यास हें कोडें वाटेल. तें उलगडण्यासाठीं हें काडतूस कसें पेटतें, तें कोठून आलें, आणि त्याच्या लहानपणांत गुण कोणते व धोका कोणता, हें क्रमानें पाहिलें पाहिजे.

'बावीस' हा आंकडा नळीच्या तोंडाचा आहे. एका इंचाचे १०० भाग कल्पिले, तर त्यांतील २२ भाग, म्हणजे सुमारें साडेपांच मिलिमीटर, एवढें तें तोंड. हरभऱ्याचा बारीक दाणा जेमतेम त्यांत बसेल. महाराष्ट्रांतील श्रोत्यांस हा आंकडा सर्वस्वीं अपरिचित नाहीं. कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें, आणि कोल्हापूर जिल्ह्यांतीलच स्वप्नील कुसाळे ह्यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक स्पर्धेंत ५० मीटर रायफलचें कांस्यपदक मिळविलें. ह्या दोन्ही प्रकारांत वापरलें जाणारें काडतूस बावीसचेंच. पण तें साधें, 'लाँग रायफल' नांवाचें. मॅग्नम हा त्याच घराण्यांतला दांडगा भाऊ होय, आणि त्या स्पर्धांत त्याला प्रवेश नाहीं.

ह्या घराण्याचें कुलचिन्ह म्हणजे त्याची पेटण्याची रीत. मोठ्या काडतुसाच्या बुडाशीं मध्यभागीं एक लहानशी टोपी असते. घोड्याचा आघात तिच्यावर झाला कीं ती पेटते आणि तिच्या ज्वाळेनें आंतील दारू भडकते. बावीसच्या काडतुसांत अशी टोपी नाहीं. त्याच्या पितळी पुंगळीचा कांठच पोकळ ठेवून त्यांत पेट घेणारा मसाला भरलेला असतो, आणि घोड्याच्या आघातानें तो कांठ चेचला गेला कीं काम होतें. ही रचना सोपी व स्वस्त आहे. मात्र तिच्यामुळें दोन बंधनें आपोआप येतात. कांठ चेचला जावयाचा तर पितळ पातळ असलें पाहिजे, आणि पितळ पातळ म्हटलें कीं आंतील दाब एका मर्यादेपलीकडे वाढवितां येत नाहीं. शिवाय एकदां चेचलेला कांठ पुन्हां कामास येत नाहीं. मोठ्या काडतुसाची पुंगळी नवी टोपी बसवून पुन्हां भरतां येते, तशी ही येत नाहीं.

अशा तऱ्हेचें काडतूस प्रथम फ्रान्समध्यें फ्लोबेर ह्या कारागिरानें १८४५ च्या सुमारास तयार केलें. घरांतल्या दालनांत करमणुकीखातर नेम मारावयाचा, एवढाच त्याचा उद्देश होता. अमेरिकेंत स्मिथ आणि वेसन ह्या भागीदारांनीं १८५७ सालीं त्याच तत्त्वावरचें बावीसचें लहान काडतूस आणि त्यासाठीं सात गोळ्यांचें रिव्हॉल्व्हर विक्रीस आणलें. दारू, गोळी आणि पेटविण्याचा मसाला हीं तिन्ही एकाच पितळी पुंगळींत असलेलें अमेरिकेंतील पहिलें यशस्वी काडतूस तें हेंच. पुढें १८८७ सालीं स्टीव्हन्स कंपनीनें 'लाँग रायफल' काढलें. म्हणजे ज्याला आज कोणी खेळणें समजेल, त्या लहानग्या बावीसपासूनच आधुनिक रिव्हॉल्व्हरची परंपरा सुरू झाली आहे.

मॅग्नमचा जन्म मात्र बराच उशिरांचा. विंचेस्टर कंपनीनें १८९० सालीं थोडें रुंद पुंगळीचें एक बावीसचें काडतूस काढलें होतें. त्याचीच पुंगळी लांबवून १९५९ सालीं तिनें हें नवें काडतूस बाजारांत आणलें. साध्या काडतुसाची पुंगळी सुमारें ०.६१ इंच लांब, तर ह्याची सुमारें १.०५ इंच. 'मॅग्नम' म्हणजे लॅटिन भाषेंत 'मोठें'. मद्याच्या मोठ्या बाटलीला हें नांव होतें. तेथून तें जादा दारूच्या काडतुसांकडे आलें, आणि १९३५ सालच्या '.३५७ मॅग्नम' पासून रिव्हॉल्व्हरच्या जगांत तें विशेष रूढ झालें. नव्या काडतुसाला तें शोभलेंहि. साधें बावीस ४० ग्रेनची, म्हणजे सुमारें २.६ ग्रॅमची, गोळी रायफलींतून सेकंदाला सुमारें १,२०० फूट वेगानें फेंकतें. मॅग्नम तेवढ्याच वजनाची गोळी सुमारें १,९०० फूट वेगानें फेंकतें.

ह्या काडतुसाचें रिव्हॉल्व्हरशीं नातें पहिल्या दिवसापासूनचें आहे. विंचेस्टरची स्वतःची रायफल त्यासाठीं १९६० सालीं आली. तत्पूर्वींच स्मिथ अँड वेसन व रूगर ह्या दोन कंपन्यांनीं त्यासाठीं रिव्हॉल्व्हरें पुढें केलीं होतीं. त्यांतील रूगरचें 'सिंगल सिक्स' हें रिव्हॉल्व्हर १९५३ पासून साध्या बावीससाठीं निघत होतें. त्याची घडण जुन्या काळच्या गुराख्यांच्या रिव्हॉल्व्हरसारखी : प्रत्येक वेळीं अंगठ्यानें घोडा मागें ओढावयाचा, बाजूच्या झडपेंतून एकेक काडतूस भरावयाचें, आणि रिकामी पुंगळी दांडीनें एकेक ढकलून काढावयाची. चित्रपटांतून व दूरचित्रवाणीवरून गुराख्यांच्या कथा घरोघर पोहोंचल्या होत्या त्या काळांत, बेताच्या किमतींत तसलें रिव्हॉल्व्हर हातीं येणें ही गोष्ट लहान नव्हती.

पुढें त्याच रिव्हॉल्व्हरबरोबर दोन सिलिंडर देण्याची पद्धत पडली, आणि ह्या शस्त्राच्या आवडीचें खरें मर्म येथेंच सांपडतें. साध्या काडतुसांत गोळी पुंगळीएवढ्याच जाडीची असते व तिचा मागचा निमुळता भाग तेवढा पुंगळींत बसतो. मॅग्नममध्यें अखंड गोळी पुंगळीच्या आंत बसते, म्हणून पुंगळी रुंद. नळी दोहोंना चालते. सिलिंडरचीं घरें मात्र चालत नाहींत. मॅग्नम लहान घरांत शिरतच नाहीं. साधें काडतूस रुंद घरांत सैल बसतें, आणि तसें उडविलें तर पुंगळी फुटून तप्त वायु मागें येण्याचा संभव असतो. म्हणून दोन सिलिंडर. सरावासाठीं साधा, रानांत जातांना मॅग्नमचा. मधली एक खीळ काढून सिलिंडर बदलावयाचा, कीं शस्त्राचा स्वभावच पालटला. कामाच्या मानानें बळ निवडण्याची ही मुभा मालकाला आवडते. अडकित्त्याचें काम कुऱ्हाडीनें न करणाऱ्या माणसाचें हें समाधान आहे.

दुसरें कारण धक्क्याचें. '.४४ मॅग्नम' ह्या भारी काडतुसाची गोळी बहुधा २४० ग्रेनची, बावीसच्या गोळीच्या सहापट वजनाची. तिचा धक्का मनगटाला बसतो आणि आवाजासह तो मनांतहि ठसतो. मग चाप ओढण्यापूर्वींच हात नकळत दचकूं लागतो आणि नेम चुकतो. बावीस मॅग्नमला धक्का फार थोडा. दचकण्याचें निमित्त उरलें नाहीं म्हणजे नेमबाजाला स्वतःचे दोष दिसूं लागतात : चाप झटक्यानें ओढला जातो कीं काय, मूठ घट्ट आहे कीं सैल, श्वास कोठें अडला. जाड पोलादाच्या शस्त्रांतून बारीक गोळी सुटते, घोडा पुनः पुन्हां तितक्याच निगुतीनें मागें येतो, आणि सहा गोळ्या संपल्यावर सावकाश भरण्यांत जो विसावा मिळतो तोहि चाहत्यांना प्रिय असतो.

तिसरें कारण उपयुक्ततेचें. ससा, खार, कोल्हा अशा लहान जनावरांसाठीं भारी काडतूस वापरलें तर मांस व कातडें दोन्ही वायां जातात. साधें बावीस कधीं कधीं अपुरें पडतें. सांपळे लावून फिरणारे फांसेपारधी, कोंबड्यांच्या खुराड्याची राखण करणारे शेतकरी, कमरेला ओझें नको म्हणणारे रानवाटांचे प्रवासी, ह्यांना मधला मार्ग हवा असतो, आणि तो हें काडतूस देतें.

पण नांवावर जाऊन मोहित झालेल्यास कांहीं कटु गोष्टी ठाऊक असाव्यात. रायफलींतील १,९०० फुटांचा वेग रिव्हॉल्व्हरमध्यें टिकत नाहीं. दारू पुरी जळण्यास लांब नळी हवी. शिवाय सिलिंडर व नळी ह्यांच्यामधील फटींतून वायु निसटतो. सहा इंचांच्या नळींतून हा वेग सुमारें १,३०० ते १,५०० फुटांवर येतो. आणि मुठींत लपणाऱ्या इवल्याशा रिव्हॉल्व्हरच्या नळींतून तो एक हजार फुटांच्या आसपास घुटमळतो, म्हणजे लांब नळीच्या साध्या बावीसहून अधिक नव्हे. जी दारू नळींत जळली नाहीं ती बाहेर जळते. तिनें ज्वाळा व आवाज मात्र वाढतो. क्षणिक आवाजाची १४० डेसिबल ही जी कानांच्या सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते, ती हें लहान शस्त्र सहज ओलांडतें, आणि कानाचा गेलेला तीक्ष्णपणा परत येत नाहीं. काडतूस साध्या बावीसच्या दुपटीहून महाग, आणि पुंगळी पुन्हां भरतां येत नाहीं. कांठ चेचण्यास घोड्याचा आघात जोराचा लागतो. म्हणून केवळ चाप ओढून उडणाऱ्या रिव्हॉल्व्हरांत चाप जड असतो. एखादें काडतूस उडालें नाहीं, तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावें लागतें. कारण तें उशिरां पेटण्याचा संभव असतो.

ह्याहून गंभीर गोष्ट निष्काळजीपणाची. धक्का थोडा, गोळी बारीक, म्हणून शस्त्रहि निरुपद्रवी, असा भ्रम सहज होतो. बावीसची गोळी एक मैलाहून अधिक अंतर जाऊं शकते. जुन्या धर्तीच्या 'सिंगल सिक्स'मध्यें घोडा खालीं असतांना त्यावर आघात झाला, जसें तें हातांतून दगडावर पडलें, तर खालचें काडतूस उडूं शके. म्हणून सहा घरांपैकीं पांचच भरावयाचीं आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवावयाचा, असा शहाणा रिवाज होता. १९७३ सालीं रूगरनें नवी रचना आणली. तींत चाप पूर्ण ओढल्याखेरीज घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोंचतच नाहीं. जुन्या रिव्हॉल्व्हरांतहि अशी योजना विनामूल्य बसवून देण्याची व्यवस्था कंपनीनें पुढें केली. तथापि जुनीं रिव्हॉल्व्हरें अद्याप अनेकांच्या कपाटांत आहेत, आणि त्यांच्यापुरता पांच काडतुसांचा नियम आजहि जिवंत आहे.

आणि बावीस हें किती लहान, ह्याचें उत्तर अमेरिकेच्या इतिहासानेंच दिलें आहे. ५ जून १९६८ रोजीं लॉस एंजलिस येथें रॉबर्ट केनेडी ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या व दुसऱ्या दिवशीं त्यांचा मृत्यु झाला. तें रिव्हॉल्व्हर बावीसचें होतें. ३० मार्च १९८१ रोजीं वॉशिंग्टन येथें अध्यक्ष रीगन ह्यांच्यासह चौघे जखमी झाले; तेंहि बावीसचेंच. दोन्ही वेळां काडतुसें साधीं, मॅग्नमहून दुर्बळ होतीं. रीगन ह्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रेडी ह्यांच्या मेंदूंत गोळी शिरली व ते जन्मभर अपंग झाले. पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर विकत घेणाऱ्याची पूर्वपीठिका तपासण्याची सक्ती करणारा १९९३ चा कायदा त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. अमेरिकेंतील शस्त्रविषयक कायद्यांतील एका मोठ्या फेरफारामागें असें एक लहान तोंडाचें रिव्हॉल्व्हर उभें आहे.

भारतांत हा प्रश्न निराळ्या रूपानें येतो. योगायोग असा कीं, ज्या १९५९ सालीं अमेरिकेंत हें काडतूस जन्मलें, त्याच सालीं भारताचा शस्त्रास्त्र कायदा संमत झाला. येथें कोणतेंहि रिव्हॉल्व्हर परवान्यावांचून बाळगतां येत नाहीं, त्याचें तोंड कितीहि लहान असो. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें सामान्य परवानाधारकास बाळगतां येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आहे. तेव्हां मराठी नेमबाजाच्या हातीं बहुधा स्पर्धेचें साधें बावीसच येतें.

तरीहि अमेरिकन नेमबाजाची ही आवड समजून घेण्याजोगी आहे. बावीस मॅग्नमचें रिव्हॉल्व्हर कोणत्याहि एका गुणांत पहिलें नाहीं. साधें बावीस त्याहून स्वस्त, भारी काडतुसें त्याहून बलवान, रायफल त्याहून अचूक. त्याचा गुण बेताचा आहे : कामापुरतें बळ, हाताला सोसेल एवढा धक्का, आणि वापरणाऱ्याला सावकाश चालण्यास लावणारी घडण. ज्या लहानपणामुळें तें हवेंसें वाटतें त्याच लहानपणामुळें त्याचें भय विसरलें जातें. म्हणून जाणता मालक कानांवर आच्छादन चढवितो, घोड्याखालचें घर तपासतो, गोळी कोठें जाऊन थांबेल तें आधीं पाहतो, आणि मगच अंगठा घोड्याकडे नेतो.