अर्ध्या सेकंदाचा उशीर

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एक बारीकशी गोष्ट खटकली. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी वापरतात त्या एसएसएचने लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता. त्या उशिराचा माग काढत ते एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचले. तिथे कुणीतरी जाणूनबुजून बसवलेला चोरदरवाजा निघाला, आणि २९ मार्चला त्यांनी तो जाहीर केला. हे घडले ते डेबियन लिनक्सच्या सर्वांत ताज्या, ‘अनस्टेबल’ शाखेवर. बाधित ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्या तिथवर आल्या होत्या. ‘स्टेबल’ शाखेत तेव्हा ५.४.१ होती, म्हणून तिच्यावरचे संगणक वाचले.

ही वाचण्याची सोय डेबियनच्या रचनेतच आहे. नवे सॉफ्टवेअर आधी अनस्टेबलमध्ये येते, काही दिवस गंभीर दोष दिसला नाही तर ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात. मग नवी भर बंद होते, फक्त दुरुस्त्या चालतात, आणि त्यातून पुढची स्टेबल बाहेर पडते. जून २०२३ ची ‘बुकवर्म’ आणि ऑगस्ट २०२५ ची ‘ट्रिक्सी’ अशाच तयार झाल्या. ज्या संगणकावर दुकानाची बिले, शाळेचे निकाल किंवा दवाखान्यातल्या नोंदी आहेत, तिथे माझ्या मते स्टेबलच हवी. तिच्या बहुतेक ठेचा आधी दुसऱ्या कुणीतरी खाल्लेल्या असतात.

जुनी आवृत्ती असुरक्षित असते, हा नेहमीचा आक्षेप. पण आवृत्तीचा आकडा जुना राहिला तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या तिच्यात वेगळ्या बसवल्या जातात. डेबियनमध्ये हे एकूण पाच वर्षे चालते. अगदी नव्या लॅपटॉपचे वायफाय कधीकधी स्टेबलवर चालत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. अशा वेळी स्टेबलसाठी तयार केलेल्या नव्या आवृत्त्यांच्या ‘बॅकपोर्ट्स’ या साठ्यातून नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तेवढा घेता येतो, सगळी सिस्टिम बदलायची गरज नसते. सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः केलेल्या एका बदलामुळे गुप्त किल्ल्या ओळखता येण्याजोग्या बनू लागल्या. ती चूक स्टेबलमध्येही उतरली आणि मे २००८ मध्ये उघड झाली. म्हणजे नुसता काळ लोटल्याने दोष सापडत नाहीत. कुणीतरी नीट पाहावे लागते.

म्हणूनच ‘सगळ्यांनी स्टेबलच वापरावी’ हा सल्ला मी देणार नाही. सगळेच मागे थांबले तर तो अर्धा सेकंद कुणाच्या लक्षात येणार? रोजच्या कामाचा संगणक स्थिर ठेवावा. हाताशी दुसरा असेल आणि बिघडला तरी चालणार असेल, तर त्यावर ताजी शाखा टाकावी आणि जे खटकेल ते कळवावे. स्टेबलवाल्यांची निर्धास्त झोप अशा कळवणाऱ्यांच्या जिवावर असते.