मूत्रपिंड व हृदय

धान्याच्या व्यापारात आमचे आयुष्य गेले. चाळणी बिघडली म्हणजे माल कसा नासतो, हे आम्ही जाणतो. मूत्रपिंडे ही देहाची चाळणीच होय. दिवसाकाठी ती सुमारे १८० लिटर द्रव गाळतात.

आमच्या वडील बंधूंची मूत्रपिंडे क्षीण झाली होती. आम्ही त्यांचीच चिंता वाहत राहिलो आणि बंधू गेले ते हृदयविकाराने! हा केवळ योगायोग नव्हता. मूत्रपिंडे मंदावली म्हणजे मीठ व पाणी साचून रक्तदाब चढतो, अंगातील रक्त कमी होते, रक्तवाहिन्यांत चुन्याचे थर बसतात. हा सर्व भार हृदयास वाहावा लागतो. अमेरिकेतील अकरा लक्षांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत २००४ साली हेच आढळले : गाळण्याची शक्ती जितकी कमी, तितका हृदयविकाराचा व मृत्यूचा धोका अधिक.

हा विकार आरंभी दुखत नाही. म्हणून मधुमेह वा रक्तदाब असलेल्या बंधुभगिनींनी दरसाल रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. पापड-लोणच्यांसह दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

दिवाळीस आपण खातेवह्या चोख तपासतो. हा हिशेबही तसाच वेळेवर तपासावा, ही नम्र विनंती.