मिरी खा, पण भरड!

पिझ्झाबरोबर येणारी ती मिरपुडीची पिटुकली पुडी आठवतेय? राखाडी, भुरभुरीत आणि नाकात गेली की शिंका काढणारी! आपल्यापैकी बऱ्याच जणांची मिऱ्याशी ओळख तेवढीच. म्हणून तर सॅलडवर कितीही पूड मारली तरी घसा झोंबतो, चव काही येत नाही.

यामागचं लॉजिक सोपं आहे. मिऱ्याला तिखटपणा असतो पायपरिनमुळे आणि वास असतो त्यातल्या तेलांमुळे. मिरं दळलं की ही तेलं उडून जायला लागतात, पायपरिन मात्र बराच काळ टिकतं. म्हणजे जुन्या पुडीत झोंबणं शिल्लक, वास गायब! भरड मिरीचे कण मोठे, त्यामुळे वास जास्त टिकतो. शिवाय मधूनच एखादा कण दाताखाली येतो, ती मजा वेगळीच. उडदाच्या पापडात भरडलेले मिरे घालतात ते काही उगाच नाही.

विकत घेताना

तयार पुडीऐवजी अख्खे मिरे घ्या. एकट्या-दुकट्याला 50 ग्रॅम खूप झाले. दाणा टणक, वजनदार आणि सुरकुतलेला हवा; बोटांनी दाबून चुरा झाला तर तो पोचट समजा. मॉलमधलं ‘तेल्लिचेरी’ हे नाव वाचून दबून जाऊ नका. ती दाण्याच्या आकारावरून ठरणारी ग्रेड आहे. रोजच्या ऑम्लेटला साधे मलबारी मिरेही झकास. कोकणात कुणी ओळखीचं असेल तर तिथूनच मागवा. पोफळीवर मिऱ्याचे वेल चढवलेले असतात.

मिऱ्यात पपईच्या बियांची भेसळ होते, हे लक्षात ठेवा. चमचाभर दाणे पाण्यात टाकून बघा. चांगले मिरे तळाशी जातात, पपईच्या बिया तरंगतात. पोचट मिरेही वर येतात, म्हणून तरंगणारा दाणा नीट न्याहाळा. पपईची बी लांबट आणि हिरवट-तपकिरी दिसते. पूड विकत घेतलीत तर ही तपासणी करणार कशी?

ठेवताना, कुटताना

मिरे काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, गॅसपासून लांब ठेवा. वाफाळत्या कढईवर बाटली उपडी करायची सवय सोडा, आत ओल शिरते. लागेल तेवढेच कुटा, फार तर आठवड्यापुरते.

खलबत्ता किंवा पेपर मिल असेल तर प्रश्नच नाही. पीजीत राहता? मिरे स्वच्छ नॅपकिनमध्ये गुंडाळा आणि जड वाटीच्या बुडाने दाबून रगडा. मिक्सरमध्ये मात्र एक-दोन झटकेच, नाहीतर पुन्हा पूडच!

आता खायचं काय?

हाफ फ्राय, काकडी-टोमॅटो, तूप घातलेली गरमागरम मुगाची खिचडी. भरड मिरी सगळ्यात शेवटी, वरून.

थोडी हौस असेल तर रोमचा ‘काचिओ ए पेपे’ करा. नावाचा अर्थच चीज आणि मिरी. भरड मिरी कोरड्या पॅनमध्ये मंद आचेवर जरा परता. करपली तर कडू होते. त्यात पास्ता उकळलेलं थोडं पाणी आणि पास्ता घाला. गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि किसलेलं पेकोरिनो चीज घालून भराभर ढवळा. ना क्रीम, ना सॉस. इथे मिरी शिळी असेल तर लपायला जागाच नाही!