जुनी मोटार घेतांना

नवी मोटार पाहून घ्यावी, जुनी मात्र तपासून घ्यावी. उदाहरणादाखल मारुति ८०० घेऊं. डिसेंबर १९८३ मध्यें ती रस्त्यावर आली व जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. अर्थात् आज विक्रीस येणारी अशी प्रत्येक गाडी दहा वर्षांहून जुनीच असणार.

तिचें तीन सिलिंडरांचें, ७९६ घन सेंटिमीटरचें इंजिन साधें आहे. वेळच्या वेळीं तेल बदलल्यास तें दीर्घकाळ साथ देतें. खरा शत्रु गंज. पाणी पायाखालच्या गालिच्यांत मुरतें आणि वरचा रंग तकतकीत असतां खालचा पत्रा कुजत जातो. मी स्वतः एकदां अशाच एका जुन्या गाडीच्या रंगास भुललों. पहिल्याच पावसांत नातीचीं पावलें भिजलीं. गालिचा उचलून पाहतों तों पत्र्यास भोंक! तिथेंच तिचा पाय अडकला असता तर?

म्हणून प्रथम गालिचा उचलावा. इंजिन थंड असतांनाच सुरू करवावें. निळसर धूर निघाल्यास तेल जळत आहे असें समजावें. चढावर इंजिन गर्जतें पण वेग वाढत नाहीं, तर क्लच झिजला आहे. चासीचा क्रमांक नोंदणीपत्राशीं ताडून पाहावा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचें नूतनीकरण तपासणीनंतरच होतें, हेंही ध्यानांत ठेवावें.

किंमत विकणारा सांगतो. खर्च मात्र गाडीच सांगते. तिचें आधीं ऐकावें.