जसे काम, तसा बोर्ड

वाळवा तालुक्यात, ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) आसपास, कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या पाण्यावर उसाचे मळे उभे आहेत. उसाला पाणी लागते हे खरे. परंतु काळ्या जमिनीला गरजेपेक्षा जास्त पाणी दिले, की त्याचा निचरा होत नाही. भूजलाची पातळी वर येते व त्याबरोबर क्षारही वर येतात. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मात्र मागे राहतात. अशा क्षारपड जमिनी कृष्णाकाठी अनेक ठिकाणी पाहावयास मिळतात. तेव्हा ‘मातीतील ओल सांगणारे उपकरण’ हा विषय येथील विद्यार्थ्याने विज्ञान प्रदर्शनासाठी घेतला, तर तो योग्यच म्हटला पाहिजे.

मग प्रश्न येतो, बोर्ड कोणता घ्यावा? दुकानात डझनभर प्रकार असतात आणि सर्वांत वेगवान तोच सर्वांत चांगला, असे वाटू लागते. हे कितपत खरे आहे, ते पाहू.

बोर्ड म्हणजे काय?

बोर्डावरील मुख्य भाग म्हणजे मायक्रोकंट्रोलर. गणित करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या तारा जोडण्याची सोय हे सारे त्याच्या एकाच चिपमध्ये असते. वीज पुरवणारे व संगणकाला जोडणारे भाग तिच्याभोवती बसवले, की बोर्ड तयार होतो.

आर्डुइनो बोर्डांचा जन्म २००५ साली इटलीतील इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी झाला. त्यांपैकी ‘उनो’ हा बोर्ड सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके मोजतो. त्याची कामाची स्मृती मात्र अवघी २ किलोबाइट आहे. २०२१ साली आलेल्या रास्पबेरी पाय पिकोची स्मृती २६४ किलोबाइट आहे. ईएसपी-३२ मध्ये वायफायही असते. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनेही आपल्या ‘वेगा’ मालिकेतील थेजस-३२ चिपवर एरीज नावाचे बोर्ड तयार केले आहेत.

पहिला प्रश्न : मोजायचे काय?

मातीत दोन सळया खोचल्या, तर ओल्या मातीचा रोध कमी व कोरड्या मातीचा जास्त भरतो. सळयांशी एकसरीत एक ठरावीक रोधक जोडला, की ओलीप्रमाणे बदलणारा विद्युतदाब मिळतो. हा दाब हळूहळू कमीजास्त होतो. म्हणून बोर्डाला असा दाब वाचता आला पाहिजे. उनोवर त्यासाठी ६ जागा आहेत. तो ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा झाला. ओल मोजण्यास हे पुष्कळ आहे.

गंमत अशी, की रास्पबेरी पाय हा पूर्ण संगणक या सर्वांहून कितीतरी शक्तिमान. पण असा दाब थेट वाचण्याची सोयच त्यावर नाही! त्याला वेगळी चिप जोडावी लागते.

दुसरा प्रश्न : आठवण किती ठेवायची?

ओल काही क्षणाक्षणाला बदलत नाही. तासाला एक नोंद पुरे. एका नोंदीस २ बाइट धरले, तर दिवसाला ४८ बाइट होतात. वीज गेली तरी न पुसणारी १ किलोबाइट, म्हणजे १०२४ बाइट स्मृती उनोमध्ये असते. १०२४ भागिले ४८ म्हणजे सुमारे २१ दिवसांच्या नोंदी झाल्या. येथे मोठी स्मृती घेऊन उपयोग काय?

तिसरा प्रश्न : वीज कोठून मिळणार?

हा प्रश्न बहुतेक जण विसरतात. उनो बोर्ड सुमारे ५० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्याला ४० तास पुरेल. घराजवळच्या कुंडीत चालणारे उपकरण मळ्यात दुसऱ्याच दिवशी बंद पडेल!

ईएसपी-३२ ला मात्र झोपवता येते. समजा, तो दर तासाला १० सेकंद जागा राहून १०० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. दिवसभरात खर्च होईल सुमारे ६.७ मिलिअँपिअर-तास, म्हणजे तीच बॅटरी हिशेबाने ३०० दिवस जाईल. बोर्डावरील इतर भागही वीज खातात, म्हणून प्रत्यक्षात दिवस कमी भरतील. तरी फरक केवढा आहे पाहा. मात्र घरातले वायफाय दूरच्या उसात पोचत नाही, हेही लक्षात ठेवावे.

चौथा प्रश्न : दाब जुळतो का?

उनो ५ व्होल्टवर चालतो. पिको आणि ईएसपी-३२ यांच्या टोकांना ३.३ व्होल्टच चालतात. ५ व्होल्टचा संवेदक तसाच जोडल्यास चिप जळू शकते.

मग निवड कोणती?

नवशिक्याने घरी किंवा शाळेत, चार्जरच्या विजेवर उनोने सुरुवात करावी. त्याच्याविषयी मदत सहज मिळते. उपकरण मळ्यात न्यायचे ठरले, की झोपणारा बोर्ड घ्यावा. दोन्हींत संवेदकाला फक्त नोंदीपुरतीच वीज द्यावी. सतत दिल्यास विद्युत् अपघटनाने सळया झिजतात.

क्षारांमुळेही मातीचा रोध कमी होतो, म्हणून क्षारपड माती कोरडी असूनही ओली भासेल. यासाठी आपल्याच शेतातील वाळवलेली माती तोलून घ्या, तिच्यात मोजून पाणी मिसळा आणि प्रत्येक वेळचे वाचन वहीत टिपा. पंपाच्या स्टार्टरला मात्र हात लावू नका. तेथे ४१५ व्होल्ट असतात. ‘पाणी हवे’ हे सांगायला एक लहानसा दिवा पुरेसा आहे.

दुकानात जाण्यापूर्वी ही चार उत्तरे कागदावर लिहा आणि तो कागद दुकानदाराला दाखवा.